सोसायटीत रॉटवायलर किंवा पिटबुल सांभाळताना

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने रॉटवायलर, पिटबुल अशा 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं पत्रक राज्यांना पाठवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. चावतो लॅब्रॅडॉरही, पण 45 किलोच्या, रुंद जबड्याच्या कुत्र्याने धरलं तर जखम खोल होते. म्हणून लिफ्टमध्ये शेजारी दचकले तर वाद घालू नका, पुढच्या फेरीने जा. कुत्र्याच्या बाबतीत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 मालकाला लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तोंडाची जाळी पिंजऱ्यासारखी घ्या, आत तोंड उघडून जीभ बाहेर काढता आली पाहिजे. कापडी पट्टी जबडा आवळते, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला उष्माघात होऊ शकतो. सवय लावायला आठ-दहा दिवस द्या. आधी जाळीत पनीर किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवा, तोंड त्यालाच घालू द्या, बक्कल लावू नका. मग काही सेकंद बक्कल, नंतर घरातच पाच मिनिटं, शेवटी रस्त्यावर. फक्त डॉक्टरकडे जातानाच जाळी घातलीत, तर ती बघताच तो पलंगाखाली शिरेल.

रॉटवायलरची मान जाड असते, साधा गळपट्टा मागे ओढून तो सहज डोकं सोडवतो. म्हणून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा छोट्या दुव्याने जोडा. दोरी पाच-सहा फूट लांब, इंचभर रुंद. लांब-आखूड होणारी स्प्रिंगची दोरी नकोच, झटक्यात तिचा ब्रेक दगा देतो. दोरी बोटांना गुंडाळू नका, हाड मोडतं. कामवाल्या मावशींच्या किंवा शाळकरी मुलाच्या हाती तर मुळीच देऊ नका.

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी किंवा सोमेश्वरला रविवारी गर्दीत नेण्यापेक्षा रिकामा रस्ता बरा. अंग ताठ झालं, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, ओठ चाटू लागला की तिथून वळा. गुरगुरला म्हणून मारू नका. इशारा देणं बंद झालं की तो थेट चावतो. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो, हे वेगळं सांगायला नको.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे दरवर्षी. लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना हाताशी ठेवा.

तरीही चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात न्या. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. उपचाराचा खर्च विचारायची वेळ समोरच्यावर येऊ देऊ नका. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा, घाबरून कुणाला देऊन टाकू नका. त्या काळात तो आजारी पडला किंवा मेला, तर ते डॉक्टरांना तातडीने कळवावं लागतं.