दोन घरं की शून्य घरं? जुनं विकून नवं घेण्याआधीची तयारी

राहतं घर विकून दुसरं घ्यायचं ठरलं की सगळे एकच विचारतात: आधी विकायचं की आधी घ्यायचं? मी हा प्रश्न जरा फिरवून घेते. मधले काही दिवस तुमच्याकडे एकतर दोन घरं असणार किंवा एकही नसणार. यातलं तुम्हाला काय झेपेल? दोन घरं म्हणजे दोन हप्ते, दोन विमे, दोन ठिकाणची देखभाल आणि कुलूपबंद घराची काळजी. शून्य घरं म्हणजे सामान एकीकडे, माणसं दुसरीकडे आणि हलवाहलवीचा खर्च दोनदा. दोन्ही व्यवहार एकाच दिवशी जुळून यावेत असं प्रत्येकाला वाटतं, क्वचित तसं होतंही, पण त्या भरवशावर राहू नका. घरात थकलेले आईवडील, तान्हं मूल किंवा परीक्षेला बसलेली मुलं असतील तर शून्य घरं फार जड जातात. पगार एकाचाच आणि शिल्लक बेताची असेल तर दोन घरं अंगावर येतात. हे सगळ्यांनी एकत्र बसून आधी ठरवा. पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट या उत्तरावर अवलंबून आहे.

मग हिशेब. घर कितीला जाईल हा आकडा प्रत्येकाच्या तोंडावर असतो, पण हातात किती पडेल हे फार कमी जणांनी मांडून पाहिलेलं असतं. विक्रीच्या किमतीतून उरलेलं कर्ज वजा करा. हे कर्ज म्हणजे खातेउताऱ्यावरची मुद्दल एवढंच नसतं. फेडण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज आणि मुदतीआधी फेडण्याबद्दल आकार असेल तर तोही त्यात आला. त्यातून दलाली, वकिलाची फी, थकलेली देणी, विकण्याआधीची डागडुजी आणि विक्रीच्या नफ्यावर कर बसत असेल तर तो वजा करा. समजा किंमत १०० धरली, कर्ज ५० उरलंय आणि खर्च ५ आहे. हातात ४५ येतील. आता घर १० टक्के कमी किमतीला गेलं, तर ९० मधून तेच ५० आणि तेच ५ जाणार, आणि हातात उरणार ३५. किंमत उतरली १० टक्क्यांनी, तुमची रक्कम मात्र २२ टक्क्यांनी. कर्जाचा भाग जितका मोठा, तितका हा फटका मोठा. म्हणून हा हिशेब तीनदा मांडा: मनासारखी किंमत आली तर, बाजारात खरोखर चालू आहे ती आली तर, आणि घाईत विकावं लागलं तर. नवं घर शोधताना तिसरा आकडा धरून चाला. पहिल्या आकड्यावर घर पसंत करणं म्हणजे शुद्ध ‘बाजारात तुरी’.

चालू किंमत कोणती, तर तुमच्या भागात नुकतीच खरोखर विकली गेलेली घरं ज्या भावाने गेली ती. जाहिरातीतल्या किमती म्हणजे मागणाऱ्यांची इच्छा.

नव्या घराच्या बाजूलाही घराची किंमत सोडून बराच खर्च असतो: नोंदणी आणि तिथले सरकारी कर, कर्जाची प्रक्रिया फी, मूल्यांकन, तपासणी, विमा, सामान हलवणं, रंग, पडदे, कुलपं बदलणं. पडदे हा विनोद वाटतो, पण जुन्या खिडक्यांचे पडदे नव्या खिडक्यांना बसत नाहीत. एवढं सगळं धरून झाल्यावरही किमान ३ महिन्यांचे दोन्हीकडचे हप्ते भरता येतील इतके पैसे बाजूला निघतात का बघा. मी तर ६ महिन्यांचे म्हणेन. माणूस घाबरून कमी किमतीला होकार देतो तो हे पैसे संपत आल्यावरच.

आकडे हातात आले की कर्ज देणाऱ्याकडे जा, घरं बघायला नंतर. तिथे तीन गोष्टी स्पष्ट विचारा. जुनं कर्ज चालू असतानाच नवं मागितलं तर ते दोन्ही हप्ते तुमच्या उत्पन्नातून धरणार का? बहुतेक ठिकाणी धरतात, आणि ज्याला एरवी सहज कर्ज मिळालं असतं त्याचं घोडं इथेच अडतं. दुसरं, चालू कर्जच नव्या घरावर नेता येतं का? काही देणारे तशी सोय ठेवतात, आणि जुना व्याजदर कमी असेल तर ती मोलाची ठरते. तिसरं, मधल्या काळापुरतं कर्ज, ज्याला ब्रिज लोन म्हणतात, ते मिळेल का. याचा दर नेहमीच्या गृहकर्जापेक्षा सहसा चढा असतो आणि मुदत थोडी. व्याज दरमहा भरायचं की शेवटी एकदम, हे विचाराच, पण खरा प्रश्न पुढचा आहे: मुदत संपली आणि जुनं घर विकलंच गेलं नाही तर काय? त्याचं उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी मिळेपर्यंत या वाटेला न गेलेलं बरं.

कराचं काम कर सल्लागाराकडे, आणि तेही सह्या व्हायच्या आधी. राहत्या घराच्या विक्रीवर अनेक देशांत सवलती आहेत, पण त्या बहुधा तारखांना बांधलेल्या असतात: किती वर्षं तिथे राहिलात, विक्री आणि खरेदी यांत किती अंतर पडलं. सह्या झाल्यावर तारीख मागे नेता येत नाही.

आता कागदपत्रं. यात मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आमचं घोडं इथेच पेंड खात होतं. घर माझ्या सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या नावावर. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, करभरणा आम्हीच करत होतो, म्हणून आम्ही धरून चाललो की सगळं आपल्या नावावर झालंय. एका कागदावर झालं होतं, मुख्य कागदावर नव्हतं. घेणारा तयार, पैसे तयार, आणि आम्ही वारसांच्या सह्या गोळा करत फिरतोय. तुमच्यावर ही वेळ नको असेल तर मालकी सांगणारा प्रत्येक कागद आजच काढा आणि त्यावरची नावं एकमेकांशी अक्षरानुअक्षर ताडून बघा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, गाळलेलं मधलं नाव, एका ठिकाणी ऱ्हस्व तर दुसऱ्या ठिकाणी दीर्घ, हे सगळं लिहून ठेवा आणि वकिलाला दाखवा. सहमालक परदेशी असेल तर तो येणार की मुखत्यारपत्र पाठवणार, हे ठरवा. मुखत्यारपत्राचे सोपस्कार तिथून पुरे व्हायला काही आठवडेही लागू शकतात.

मूळ कागद बऱ्याचदा कर्ज देणाऱ्याकडेच तारण असतात. ते परत मिळायला किती दिवस लागतात हे आधी विचारून घ्या. कर्ज फेडण्याची नक्की रक्कम सांगणारं पत्र मागा, पण लवकर मागू नका, कारण त्यातला आकडा एका ठरावीक तारखेपुरताच खरा असतो. आणि कर्ज फिटलं की सरकारी नोंदीतला बोजा आपोआप उतरतो असं समजू नका. तो उतरवून घ्यावा लागतो, आणि ते काम कोण करणार हे करारात लिहिलेलं असावं. बाल्कनी बंद केली असेल, भिंत पाडली असेल, खोली वाढवली असेल तर त्याच्या परवानग्या शोधा. घेणाऱ्याचा वकील ते विचारणारच. घरात भाडेकरू असेल तर त्याचा करार कधी संपतो हे घर विकायला काढण्याआधी बघा.

घर दाखवण्याजोगं करायला लोक नको तितका खर्च करतात, असं माझं मत आहे. गळणारा नळ, अडकणारं दार, ओल आलेली भिंत, उडालेले दिवे, एवढं नीट करा. ओल रंगाखाली झाकू नका. ती महिन्याभरात वर येते आणि मग भांडणं कोर्टापर्यंत जातात. अख्खं स्वयंपाकघर नवं करू नका, घेणारा आपल्या आवडीने ते पुन्हा तोडणार आहे. कपाटं मात्र एक तृतीयांश तरी रिकामी करा. सामान तर हलवायचंच आहे, ते आत्ता निघालं तर घरही मोठं दिसतं. बघायला येणाऱ्यांच्या वेळा ठरवून घ्या, नाहीतर जेवणाच्या ताटावरून उठावं लागतं. दागिने, औषधं, बँकेचे कागद नजरेसमोर ठेवू नका. आणि पंखे, दिवे, गीझर, पडद्यांचे रॉड, यातलं काय जाणार आणि काय राहणार हे करारात एकेक नाव घेऊन लिहा. लाखमोलाचे व्यवहार एका झुंबरावरून बिनसतात.

तुमचं घर कोण घेतंय, यावर तुमची खरेदी उभी आहे. म्हणून सगळ्यात जास्त किंमत बोलणाऱ्याला भुलू नका. त्याचं कर्ज मंजूर झालंय का, पहिली रक्कम कुठून आणणार, आणि मुख्य म्हणजे तोही आपलं घर विकून तुमचं घेतोय का, हे विचारा. तसं असेल तर त्याच्या गिऱ्हाइकाचाही प्रश्न येतो, आणि त्याच्याही गिऱ्हाइकाचा. अशी साखळी लांबली की कुठलीही एक कडी तुटली तरी सगळे अडकतात. दोन टक्के कमी देणारा पण साखळीत नसलेला माणूस मला केव्हाही परवडेल.

दोन्ही करार एकमेकांसमोर ठेवून वाचा, शक्यतो एकाच वकिलाकडून वाचून घ्या. आधी घ्यायचं ठरलं असेल तर ‘माझं जुनं घर अमुक तारखेपर्यंत विकलं गेलं तरच ही खरेदी पुरी होईल, नाहीतर विसार परत’ अशी अट मागून बघा. गिऱ्हाइकांची रांग असेल तर विकणारा ती मानणार नाही. मानली तरी दुसरं गिऱ्हाईक शोधण्याची मोकळीक तो ठेवू शकतो, आणि ते मिळालं की तुम्हाला अट सोडायला थोडाच अवधी देईल. तो अवधी किती तासांचा, हे आधी वाचून ठेवा. आधी विकायचं असेल तर व्यवहार पुरा झाल्यावरही काही आठवडे भाड्याने तिथेच राहू देण्याची सवलत मागा. ती मिळाली तर भाडं, अनामत, विमा, मोडतोडीची जबाबदारी आणि घर सोडण्याची पक्की तारीख, सगळं लेखी हवं. माणसं चांगली आहेत म्हणून तोंडी ठेवलेलं हमखास चिघळतं. ताबा उशिरा देण्याची बोलणी करता आली तर त्याहून उत्तम, पैसे खर्च न होता दिवस मिळतात.

तारखांसाठी एक मोठा कागद भिंतीवर लावा. डाव्या बाजूला विक्री, उजव्या बाजूला खरेदी: विसार, कर्जमंजुरी, तपासणी, करार, पैसे, ताबा. डावीकडचे पैसे उजवीकडे ज्या दिवशी लागणार त्याच्या निदान एक-दोन कामाचे दिवस आधी खात्यात जमा व्हायला हवेत. बँकांना सुट्ट्या असतात, मोठ्या रकमेला दिवसाची मर्यादा असते, पैसे पाठवण्याची वेळ ठरलेली असते. सकाळी विकून दुपारी घ्यायचं असेल तर आठवड्याचा शेवटचा कामाचा दिवस निवडू नका. काही अडलं तर सामान ट्रकमध्ये आणि तुम्ही फुटपाथवर. आणि ऐनवेळी ‘खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला तर पैसे पाठवू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. घराच्या व्यवहारात फसवणाऱ्यांची ही आवडती खेळी आहे.

एकच दलाल दोन्ही व्यवहार करत असेल तर सोय होते, पण दोन्ही लवकर उरकण्यात त्याचं हित असतं, हे लक्षात असू द्या. दलाली दोन्हीकडची वेगवेगळी ठरवा.

नव्या घराची तपासणी एरवीसारखीच. एवढंच की तुम्हाला घाई आहे आणि ती चेहऱ्यावर दिसते. रात्री एकदा, पावसात जमलं तर एकदा, आणि एकदा टेप घेऊन जा. आमचं मोठं कपाट नव्या खोलीत मावणार होतं, पण जिन्याच्या वळणातून वर जाणार नव्हतं. हे आम्हाला जिन्यात कळलं.

विम्याचंही सांगते. जुन्या घराचा विमा ताबा देईपर्यंत बंद करू नका आणि नव्याचा, करारानुसार जोखीम तुमच्याकडे येते त्या दिवसापासून सुरू करा. घर रिकामं पडणार असेल तर पॉलिसी वाचा. बऱ्याच पॉलिसी ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकाम्या राहिलेल्या घराला पुरतं संरक्षण देत नाहीत.

सामानाचे ढीग तीन: नव्या घरी जाणारं, मधल्या काळात गोदामात राहणारं, आणि तुमच्यासोबत फिरणारं. तिसरा ढीग नेहमी कमी पडतो. त्यात महिनाभराची औषधं, चार्जर, शाळा आणि ऑफिसचे कागद, ऋतू बदलला तर लागणारे कपडे आणि एक स्क्रूड्रायव्हर टाका. दोन्ही घरांची मूळ कागदपत्रं ट्रकमध्ये चढवू नका, ती खांद्यावरच्या पिशवीत.

शेवटच्या दिवशी वीज, पाणी, गॅस यांच्या मीटरचे फोटो काढा, तारखेसकट. पत्ता बदलण्याची यादी महिनाभर आधी सुरू केली असेल तर आता थोडंच उरलेलं असतं. किल्ल्या मोजा. मुख्य दाराच्या, टपालपेटीच्या, गच्चीच्या, आणि शेजारच्या काकूंकडे अडीअडचणीला ठेवलेली. ती सगळेच विसरतात. मागायला जाल तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवून जा.