रंग शेवटी: जुनी मोटरबोट दुरुस्त करताना या चुका टाळा

जुनी बोट दारात आली की पहिला हात जातो पॉलिशच्या डब्याकडे. माझाही गेला होता. साडेपाच मीटरची, पंचविशी ओलांडलेली फायबरग्लासची बोट. तीन रविवार घासघासून तिला आरशासारखी केली. चौथ्या रविवारी आउटबोर्ड इंजिनाचा खालचा भाग धरून सहज वर उचलून पाहिला, तर इंजिनासोबत बोटीची मागची भिंतही हलली! या भिंतीला ट्रान्सम म्हणतात आणि अख्खं इंजिन तिच्यावर टांगलेलं असतं. माझे तीन रविवार पाण्यात गेले. बोट मात्र पुढे वर्षभर गेली नाही.

तेव्हा पहिली चूक हीच: दिसतं तिथून सुरुवात करणं. जुनी बोट बाहेरून क्वचितच मरते. ती मरते जिथे पाणी शिरून मुक्काम ठोकतं तिथे.

जुन्या बोटींपैकी बहुतेकींच्या ट्रान्सममध्ये प्लायवूड असतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी फायबरग्लासचं कवच असतं. कवच सडत नाही, लाकूड सडतं. पाणी आत जातं ते आधीच्या मालकांनी मारलेल्या स्क्रूंच्या भोकांतून. कुणी शिडी लावली, कुणी खोली मोजणारा सेन्सर बसवला, आणि सीलंट लावायचा कंटाळा केला. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं ‘भद्द’ वाजतं. शंका आलीच तर आतल्या बाजूने बारीक भोक पाडून भुसा बघा. फिका, कोरडा असेल तर नशीब. गडद, ओला, चिमटीत धरला की लगदा होणारा असेल तर काम मोठं आहे. पाडलेलं भोक इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की टणक होणाऱ्या रेझिनने) बुजवायला विसरू नका, नाहीतर तुम्हीही त्या आधीच्या मालकांच्याच रांगेत.

इथे एक मोहाची वाट असते: कुजलेल्या भागात भोकं पाडून पातळ इपॉक्सी ओतणं. ओलं लाकूड ती पीत नाही. वर टणक पापुद्रा बनतो, आत सडणं चालूच राहतं. खराब लाकूड कापून काढणं, उरलेलं पूर्ण वाळवणं आणि नवीन बसवणं, याला पर्याय नाही.

रेझिन निवडतानाही गोंधळ होतो. बोटीचं जुनं कवच बहुधा पॉलिएस्टर रेझिनचं असतं. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली चिकटते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा धरता येत नाही. म्हणून कुठे काय वापरलं ते लिहून ठेवा. फायबरग्लासच्या सुट्या धाग्यांच्या नेहमीच्या मॅटला धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे ती मॅट कोपऱ्यात कडकच राहते आणि खाली हवेचे फुगे अडकतात. इपॉक्सीसोबत विणलेलं कापड घ्या. इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट थर दिसला तर आधी पाण्याने धुवा, मग पॉलिशपेपर मारा. उलटं केलंत तर तो थर घासून आत जातो आणि पुढचा हात सुटून येतो. घासताना मास्क लावाच. फायबरग्लासची धूळ खाज आणते हा तिचा त्यातल्या त्यात बरा गुण आहे.

‘इंजिन चालतंय ना, मग राहू दे’

इंजिनावर पैसे ओतण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते महत्त्वाचं. एखादा १५ टक्क्यांहून जास्त मागे पडत असेल तर कार्ब्युरेटर साफ करून काही होणार नाही.

मग इम्पेलर. थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपातलं हे रबरी चक्र. बोट वर्षानुवर्षं उभी राहिली की त्याच्या पाकळ्या वाकलेल्या तशाच राहतात. आधीचा मालक ‘गेल्याच साली बदललाय’ म्हणाला तरी नवीन टाका. जुना काढल्यावर पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तिचा तुकडा पुढे पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो. तो शोधल्याशिवाय पंपाचं झाकण पुन्हा लावू नका. आणि पाणी न जोडता ‘फक्त पाच सेकंद’ इंजिन सुरू करणं सोडा, कोरडा इम्पेलर चटकन जळतो.

खालच्या गिअरचं तेल दुधट निघालं तर सीलमधून पाणी शिरतंय. प्रॉपेलर काढून पाहा, बऱ्याचदा शाफ्टला मासेमारीची दोरी गुंडाळलेली सापडते. नवीन तेल खालच्या भोकातून वर भरायचं, वरून ओतलं तर हवा अडकते. त्या भोकांच्या स्क्रूंचे वॉशर नवीनच घाला.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल खाली वेगळं बसतं. इंजिन नेमकं तेच ओढतं. जुन्या रबरी नळ्याही अशा पेट्रोलला टिकत नाहीत, त्या एकगठ्ठा बदला.

आता जी चूक जिवावर बेतते ती. इंजिन बोटीच्या आत असेल तर गाड्यांच्या दुकानातला स्टार्टर किंवा अल्टरनेटर ‘सेम टू सेम’ म्हणून बसवू नका. बसतो बरोबर, फिरतोही. पण बोटीसाठीच्या भागांतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू नये अशी त्यांची रचना असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड; गाडीत ती खाली निघून जाते, बोटीत बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, साचते. सुरू करण्याआधी ब्लोअर (ही वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा आणि तरीही नाकाने वास घ्या.

ट्रेलर: बोटीआधी तोच दगा देतो

बोटीवर वर्षभर मेहनत करणारा माणूस ट्रेलरकडे निघण्याच्या दिवशी सकाळी बघतो. कॅटलॉगमधलं वजन धरून हिशेब करतो. त्यात पेट्रोल नसतं, बॅटरी नसते, अनेकदा इंजिनही नसतं, आणि फरशीखालच्या फोमने वर्षानुवर्षं प्यायलेलं पाणी तर नसतंच. एकदा वजनकाट्यावर घाला. आकडा फारच वर गेला तर तो फोमचाच निरोप समजा.

कपलरवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतात तिथे, एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार हवा. तो कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. हलू लागला तर जोरात ब्रेक मारू नका, अॅक्सिलरेटर सोडा.

टायरची नक्षी पाहून फसू नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे ४ आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

चाकांची बेअरिंग जातात ती रस्त्यावर नाही, बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर. लांबून आलेला तापलेला हब (बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. म्हणून पोहोचल्यावर दोरं सोडण्यात, सामान चढवण्यात थोडा वेळ घालवा, मग उतरवा. त्याच वेळी ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढा. वाटेत थांबाल तेव्हा हबला उलटा हात लावा. कोमट चालेल, एका बाजूचा दुसऱ्यापेक्षा चटका देत असेल तर पुढे जाऊ नका. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

विंचचा (ट्रेलरच्या पुढच्या हाताने फिरवायच्या चरखीचा) पट्टा बोट ओढायला असतो, बांधायला नाही. पुढे वेगळी साखळी, मागे ट्रान्समला दोन पट्टे.

आणि पहिल्यांदा पाण्यात घालताना पाणी काढायच्या भोकाला बूच लावलंय का ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावा, कारण तुम्ही ‘लावलंय’ असंच म्हणणार. बोट ट्रेलरवर अर्धवट तरंगेल इतपतच मागे घ्या, पट्टा सोडू नका, टॉर्च घेऊन दहा मिनिटं बिल्जमध्ये बघत बसा.