व्हेलला टॅग लावायचाय? आधी बीप ऐकायला शिका

टॅग म्हणजे व्हेलच्या अंगावर लावायचं छोटं यंत्र. पहिली गोष्ट, खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जवळजवळ जातच नाहीत. व्हेल खाली गेला की टॅग मुका, श्वास घ्यायला वर आला की चार-दोन बीप आणि परत शांतता. त्यामुळे सक्शन कपवाल्या, म्हणजे रबरी वाट्यांनी कातडीला चिकटणाऱ्या टॅगमध्ये खोली, हालचाल, दिशा, आवाज हे सगळं आतच रेकॉर्ड होतं आणि रेडिओ असतो तो फक्त टॅग सापडावा म्हणून. टॅग हरवला तर हाती भोपळा.

दुसरा प्रकार सॅटेलाइटचा. त्याचे काटे कातडीत रुततात, तो आठवडे-महिने चालतो. रशियाच्या सखालिन बेटाजवळ टॅग लावलेली वरवरा नावाची ग्रे व्हेल मेक्सिकोपर्यंत जाऊन परत आली, १७२ दिवसांत सुमारे २२,५०० किमी, हे अशाच टॅगमुळे कळलं. पण २०१६ मध्ये मेलेल्या एका ओर्काच्या (किलर व्हेलच्या) बुरशीच्या इन्फेक्शनला टॅगची जखम कारणीभूत असावी असं तपासात निघालं. म्हणून प्रश्न एखाद्या दिवसाच्या वागणुकीचा असेल तर सरळ सक्शन कपच घ्या.

परमिट आधी, ते नसेल तर बोट काढूच नका. निघण्यापूर्वी टॅगचं घड्याळ जीपीएसशी जुळवा, कप स्वच्छ पुसा, आणि टॅग चालू करून रिसीव्हरवर बीप येतोय ना ते स्वतःच्या कानांनी ऐका. मग छोट्या बोटीने मागून तिरकं, इंजिनचा आवाज कमीजास्त न करता जवळ जायचं, पाठ वर आली की लांब काठीने टॅग पाठीवर टेकवायचा, जोरात आपटायचा नाही. पिल्लू सोबत असेल किंवा व्हेल बिचकत असेल तर सोडून द्या. पाठीच्या पराचा फोटो मात्र काढा, नंतर कोणता व्हेल होता ते त्यावरूनच ओळखता येतं.

आता खरी कसोटी. यागी अँटेना, म्हणजे एकाच दिशेचा सिग्नल जास्त पकडणारा अँटेना, उंच धरून हळूहळू गोल फिरवा, बीप जिथे सगळ्यात मोठा तिकडे टॅग. जवळ गेल्यावर सगळीकडूनच मोठा ऐकू येतो, तेव्हा रिसीव्हरचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी करत जा. प्रत्येक वेळी बीप कधी सुरू झाला, कधी थांबला ते वहीत लिहा. आणि बीप थांबायचं नावच घेईना, मिनिटामागून मिनिटं चालूच राहिला, तर समजा टॅग सुटलाय आणि लाटांवर तरंगतोय. टॅग उचलायची जाळी बाहेर काढा आणि अंधार पडायच्या आत गाठा.