मुलाचा दात पडला, तुटला, गाल सुजला: या चुका टाळा

मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती घासूनपुसून, टिश्यूपेपरात गुंडाळून आणलेला पटाशीचा दात हातात पडतो तेव्हा. आणणाऱ्याने मनापासून काळजी घेतलेली असते आणि नेमक्या त्या काळजीनेच दात वाया गेलेला असतो.

कायमच्या दाताच्या मुळावर एक पातळ आवरण असतं. त्यातल्या पेशी जिवंत असल्या तरच दात हिरडीत नीट रुजतो. दात कोरडा राहिला की अर्ध्या तासात त्यातल्या बहुतेक पेशी मरतात, तासाभरानंतर हाती काही राहत नाही. साबण आणि ब्रशने तर त्या तिथल्या तिथे खरवडून निघतात. साध्या पाण्यात दात ठेवला तरी त्या पाणी शोषून फुगतात आणि फुटतात.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी खेळताना तोंडावर आपटली आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. सोबतच्या माणसांनी मातीचा कणही राहू नये म्हणून मूळ टूथब्रशने घासलं, दात रुमालात बांधला, मग घरी जाऊन तिचे कपडे बदलले. माझ्याकडे येईपर्यंत दीड तास उलटला होता. आम्ही दात बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, रूट कॅनाल केलं. तो टिकला, पण हाडाला चिकटून. जबडा वाढत गेला तसा शेजारचा दात खाली सरकला, हा मात्र होता तिथेच राहिला. दर वेळी एक्स-रेमध्ये मूळ आणखी थोडं विरघळलेलं दिसायचं. रुमालाऐवजी कपभर दूध वापरलं असतं आणि त्या लोकांनी थेट दवाखाना गाठला असता, तर दात वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त होती.

म्हणून मी प्रत्येक पालकाकडून हे पाठ करून घेते. दात शोधा. चावायच्या बाजूने, चकचकीत भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये हलकेच विसळा. दोन्ही नसेल तर थंड नळाखाली काही क्षण धरा, चोळू नका. मूल शुद्धीवर असेल आणि ऐकत असेल तर दात सुलटा धरून जागच्या जागी बसवा आणि स्वच्छ रुमाल हळूच चावून धरायला सांगा. हात थरथरत असतील तर थंड दुधात टाका. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला सांगून दात त्या थुंकीत ठेवा. आणि लगेच निघा. इंटरनेटवर उपाय शोधत बसण्यात जातो तो वेळ दाताच्या आयुष्यातून जातो.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नका. त्याच्या वर कायमच्या दाताचा अंकुर असतो, त्याला इजा होते. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा पुढचा दात बहुधा दुधाचाच असतो. सहा ते नऊच्या दरम्यान घोळ होतो. कळत नसेल तर दुधात टाकून घेऊन या, मी बघते. दात सापडलाच नाही तर तो हिरडीत आत घुसलेला असू शकतो. मूल खोकत असेल, श्वासाला घरघर लागली असेल तर तो श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

तुटलेला तुकडा फेकू नका, पुष्कळदा तो चिकटवता येतो. रक्त येत असताना सारखी चूळ भरू देऊ नका. कापसाची घडी दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. पडल्यावर उलट्या, बेशुद्धी किंवा गुंगी आली असेल तर दात नंतर, आधी डोकं.

दुसरी गोष्ट दुखऱ्या दाढेची. ॲस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवण्याचा सल्ला अजून कोण देतं, मला कळत नाही. त्याने हिरडी भाजते, दुखणं थांबत नाही. मुलांना ॲस्पिरिन पोटातूनही द्यायची नाही. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला बधिर करणारं बेन्झोकेनचं जेल लावू नका. आणि मागच्या वेळी उरलेलं अँटिबायोटिक कृपा करून देऊ नका. दाढेच्या आतला पू गोळीने जात नाही, तो काढावा लागतो. दोन दिवस बरं वाटतं, पालक निर्धास्त होतात आणि मग मूल गाल फुगलेला घेऊन येतं. सुजेवर गरम शेक नको, बाहेरून गार पट्टी ठेवा. ताप, तोंड उघडायला त्रास, गिळता न येणं किंवा डोळ्यापर्यंत चढलेली सूज दिसली तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच निघा.

मार बसलेला दात दुखायचा थांबला की लोक तपासणीला येत नाहीत. तो काही आठवड्यांनी करडा पडू शकतो, आतली नस मेलेली असू शकते. दुखत नसलं तरी दिलेल्या तारखेला या.