पाळीव प्राण्याला विमानाने परदेशी नेताना

कुत्र्याला किंवा मांजराला परदेशी न्यायचे ठरले की बहुतेक जण आधी विमानाचे तिकीट पाहतात. वास्तविक सुरुवात ज्या देशात जायचे आहे तेथील पशुआरोग्य विभागाच्या नियमांपासून करावी, कारण प्रवासाची तारीख त्यांवरूनच ठरते.

या नियमांत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची १५ अंकी मायक्रोचिप, म्हणजे प्राण्याच्या कातडीखाली बसणारी ओळखक्रमांकाची बारीक चिप, बसवायची आणि मगच रेबीजची लस टोचायची. चिपआधी दिलेली लस युरोपीय संघ ग्राह्य धरत नाही. रेबीज आटोक्यात नसलेल्या देशांतून येणाऱ्या प्राण्याच्या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे (लसीमुळे तयार होणाऱ्या संरक्षक प्रथिनांचे) प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. युरोपीय संघासाठी हे रक्त लसीकरणानंतर किमान ३० दिवसांनी घेतात आणि त्यानंतर तीन महिने थांबावे लागते, तर जपानसाठी ही मुदत १८० दिवसांची असून आगमनाची सूचना ४० दिवस आधी द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात याउपर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथे किमान १० दिवसांचे विलगीकरण असते. थोडक्यात, सात-आठ महिने हाताशी असलेले बरे.

प्रत्येक कागदावरचा चिपक्रमांक स्कॅनरवर दिसणाऱ्या आकड्यांशी एकेक अंक ताडून पाहावा. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण एका अंकाच्या चुकीने प्राणी विमानतळावरच अडकू शकतो.

लहान प्राण्याला काही विमान कंपन्या केबिनमध्ये आसनाखाली नेऊ देतात. मात्र ब्रिटनमध्ये विमानाने येणारा प्राणी, मदतनीस श्वानांचा अपवाद वगळता, मालवाहतुकीतूनच आणावा लागतो. पिंजरा आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे हवा: प्राण्याला कान छताला न टेकता उभे राहता यावे, वळता यावे आणि ऐसपैस आडवे होता यावे. पाण्याचे भांडे दाराला आतून असे बसवावे की दार न उघडता बाहेरून भरता येईल. पिंजरा काही आठवडे आधीच घरात उघडा ठेवून त्यातच खाऊ घालायला लागावे; सरावलेला प्राणी प्रवासात पुष्कळ शांत राहतो. त्यासाठी गुंगीचे औषध मात्र देऊ नये, कारण त्याने रक्तदाब व श्वासावर परिणाम होतो आणि विमानाच्या पोटात त्याच्याकडे पाहायला कोणी नसते. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना उष्णतेत धाप लागते. पुष्कळ विमान कंपन्या त्यांना नेतच नाहीत.

आरोग्य प्रमाणपत्र अगदी शेवटी घ्यायचे असते. युरोपीय संघाच्या प्रमाणपत्रावर सरकारी पशुवैद्यकाची मोहर आगमनापूर्वीच्या १० दिवसांत उमटलेली असावी लागते. ब्रिटनला जाणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्यकाकडून पट्टकृमीचे (आतड्यातील चपट्या जंतांचे) औषध आगमनाच्या २४ ते १२० तास आधी द्यावे लागते. मालवाहतुकीतून पाठवलेला प्राणी सहसा प्रवासी इमारतीऐवजी कार्गो विभागात मिळतो, तेव्हा तेथील पत्ता व कामकाजाच्या वेळा आधीच विचारून ठेवाव्यात.