आजींना ‘लागली’ आहे, आयोडीन नको: केअरटेकर मुलींनी या चुका टाळा

आजी म्हणाल्या, “अगं, मला लागली आहे.” नवी मुलगी धावत जाऊन कापूस आणि आयोडीन घेऊन आली. निमाडमधली पोर, घरी हिंदी बोलणारी. ‘लागली’ म्हणजे चोट लगी असं समजून ती आजींचे गुडघे, कोपरं बघत बसली, तोवर इकडे चादर ओली. आजी दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत.

इंदूरच्या वृद्धाश्रमात आमच्याकडे निम्म्याहून जास्त आजी-आजोबा मराठी आणि बहुतेक मुली हिंदी बोलणाऱ्या. आयुष्यभर उत्तम हिंदी बोललेली माणसंही स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा आईच्या भाषेकडे वळतात. तेव्हा पहिली चूक हीच: शब्द कळला नाही तरी ‘हाँ हाँ’ म्हणणं. ‘ऊन पाणी’ म्हणजे कोमट-गरम पाणी, हिंदीतल्या ‘ऊन’शी, म्हणजे लोकरीशी, त्याचा संबंध नाही. ‘गळून गेल्यासारखं वाटतंय’ हे मधुमेहाच्या रुग्णाने म्हटलं तर हातातलं काम टाकून सिस्टरला बोलवा. साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते.

आता उचलणं. सगळ्यात जास्त इजा इथे होते, त्यांना आणि आपल्यालाही. बगलेत हात घालून वर ओढणं ही सवय इतकी पक्की असते की शिकवून महिना झाला तरी घाईत तीच परत येते. मी स्वतः नवीन असताना अर्धांग झालेल्या एका काकांना त्यांच्या लुळ्या हाताला धरून उठवलं होतं. पुढे कित्येक दिवस त्यांचा खांदा दुखत होता. कोणी रागावलं नाही, पण मी जवळ आले की ते हात छातीशी धरायचे. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, ओढलं की तो सांध्यातून सरकतो.

व्हीलचेअर त्यांच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरपी लावा. दोन्ही ब्रेक दाबा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. मग पलंगाच्या काठावर बसवून तळवे जमिनीला टेकवा आणि एक-दोन मिनिटं थांबा. झोपेतून थेट उभं केलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. चक्कर येते का, विचारा. त्यांच्या कंबरेला बांधलेला आधाराचा पट्टा धरा, स्वतः गुडघ्यात वाका, आणि त्यांना पुढे वाकायला सांगा. माणूस पुढे वाकला की निम्मं वजन तो स्वतःच उचलतो. तरीही तोल गेलाच तर वर धरून ठेवायचा हट्ट नको. अंगाशी घेऊन हळूच खाली बसू द्या.

कपड्यांचा नियम सोपा: घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

माकडहाडावर किंवा टाचेवर लाल चट्टा दिसला की मुली तेल घेऊन चोळायला बसतात. मायेनेच, पण खालची नाजूक त्वचा त्याने आणखी फाटते. बोटाने दाबून सोडा. पांढरा पडत नसेल तर बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे, लगेच कळवा. कूस साधारण दर दोन तासांनी बदला, खेचू नका, चादरीसकट दोघींनी उचला. उशी टाचेखाली नको, पोटरीखाली द्या, म्हणजे टाच अधांतरी राहील. खाली रबराची गोल रिंग द्यायची जुनी पद्धत सोडा. तिच्या कडेचा दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो.

भरवताना उभं राहून, मान वर करायला लावून घास देऊ नका. श्वासनलिका त्याने उघडी पडते. समोर बसा, त्यांना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. छोटा चमचा, गिळलेलं दिसलं की पुढचा. इंदूरात पोह्यांना नाही म्हणणं पाप आहे, मला मान्य. पण ज्यांना ठसका लागतो त्यांच्यासाठी सुटे पोहे, वर कोरडी शेव आणि सोबत पाण्याचा घोट हे अवघड मिश्रण आहे. घास पाण्याने ढकलू नका. खाताना आवाज ओलसर, घोगरा झाला तर थांबा आणि सिस्टरला सांगा. अर्धांग असेल तर त्या बाजूच्या गालात घास अडकून राहतो, शेवटी तोंड उघडून बघाच. त्यानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

बाकीचं थोडक्यात. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीवर नाही. बायकांना पुसताना पुढून मागे. बीपी बाहीवरून घेऊ नका, आधी पाच मिनिटं शांत बसू द्या. मधुमेहींची पायाची नखं आपण कापायची नाहीत. साबणाने हात ४० ते ६० सेकंद धुवायचे, बोटांच्या फटींसकट.

आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांशी वाद घालू नका. इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये काम केलेले एक आजोबा पहाटे पाळीला निघतात. मिल १९९१ मध्ये बंद पडली. मुलीने एकदा तसं सांगितलं तर ते ढसाढसा रडले, आणि दुसऱ्या दिवशी परत निघाले. आता आम्ही विचारतो, “काका, आज कोणतं खातं?” ते सुतापासून सुरू करतात, तोवर चहा येतो.

शेवटची चूक, जी मी अजून पकडते: सकाळीच नोंदीच्या तक्त्यातले दिवसभराचे सगळे खाने भरून ठेवणं. दुपारी चारची कूस अकरा वाजता ‘बदललेली’ असते. पाठीवर चट्टा उठला की त्या कागदावरून काहीच कळत नाही. काम झालं की त्याच वेळी लिहा. राहून गेलं असेल तर खाना कोरा ठेवा आणि मला येऊन सांगा.