ई-चलन थकवलंय? या चुका टाळा

नाशकात एम. जी. रोडवर नो पार्किंगमध्ये गाडी लावली की पहिल्या वेळी 500 रुपये, पुन्हा सापडलात तर 1500. टोइंगचे पैसे वेगळे. एवढ्या रकमेने कुणी बुडत नाही, अडतं ते पेठ रोडवरच्या आरटीओतलं काम. केंद्रीय मोटार वाहन नियम 167 नुसार चलन मुदतीत मिटलं नाही, तर कर भरण्याखेरीज बाकीचे अर्ज पुढे सरकत नाहीत. गाडी विकताना नाव बदलणं, कर्ज फिटल्यावर बोजा उतरवणं, टेम्पो-रिक्षाचं फिटनेस ही कामं नेमकी घाईच्या वेळी लटकतात.

एकाच ठिकाणी तपासणं

वाहतूक पोलिसांची चलनं महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर दिसतात. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक लागतात. आरटीओच्या पथकाने केलेली चलनं मात्र परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर असतात. एका ठिकाणी शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, दोन्हीकडे पाहा. चलन कोर्टात गेलं असेल तर ते व्हर्च्युअल कोर्टाच्या (ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टाच्या) साइटवर शोधा. तिथे दंड भरता येतो किंवा हरकत घेता येते.

‘मला मेसेजच आला नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेला जुना मोबाइल नंबर असतो. तो परिवहनच्या वाहन पोर्टलवर बदलून घ्या.

गाडी विकली, पण नाव तसंच

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून एजंटाच्या हातात दिले म्हणजे काम संपलं असं समजतात. कायद्याच्या नजरेत आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात हेच धरलं. नवा मालक द्वारका चौकात सिग्नल तोडेल आणि चलन तुमच्या नावावर पडेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विक्रीचा करार, ताबा दिल्याची तारीख-वेळ आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जपून ठेवा.

‘सहा महिने झाले, चलन रद्द’

व्हॉट्सॲपवर फिरणारं हे अर्धसत्य आहे. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी कोर्टाला सहा महिन्यांची मर्यादा आहे खरी (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 468, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 514). पण विलंब माफ करण्याचा अधिकारही कोर्टाकडेच आहे. हा मुद्दा मॅजिस्ट्रेटसमोर मांडायचा असतो, पोर्टलवरची थकबाकी त्याने आपोआप पुसली जात नाही. समन्स आलं आणि हजर राहिला नाहीत, तर वॉरंट निघू शकतं. मग 500 रुपयांचा हिशेब राहत नाही.

चुकीचं चलन आधी भरणं

पैसे भरले की गुन्हा मान्य केला असा अर्थ होतो, नंतर हरकत टिकत नाही. आधी फोटो उघडा. गाडीचं मॉडेल, रंग, नंबरप्लेटवरचा प्रत्येक अंक जुळतोय का बघा. जुळत नसेल तर आरसी आणि गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो जोडून पोर्टलवरच्या तक्रार विभागात अर्ज करा. तुमच्याच नंबरची दुसरी गाडी फिरत असल्याचं दिसलं, तर पोलीस ठाण्यातही तक्रार द्या.

लोक अदालतीत सवलत मिळेल म्हणून वर्षभर थांबणारे बरेच आहेत. नाशकात सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात ती भरते, तडजोडही होते, पण किती सूट मिळेल याची हमी कायदा देत नाही. आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. गाडी विकायची असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

चलनाच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका, त्यातून बँक खातं रिकामं होतं. सरकारी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. तो पत्ता स्वतः टाइप करा.

खात्यातून पैसे गेले पण चलन ‘पेंडिंग’च दिसतंय? लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपा, बँकेचं स्टेटमेंट पाहा, पैसे परत आले नाहीत तर त्या क्रमांकासह पोर्टलवर तक्रार नोंदवा.